वैज्ञानिक संकेतन

खूप मोठी किंवा खूप बारीक संख्या शून्यांची माळ न लावता लिहायची पद्धत. आधी १ किंवा त्याहून मोठी पण १० पेक्षा लहान संख्या, मग गुणिले दहाचा घात. प्रकाशाचा वेग सेकंदाला २.९९८ × १०^८ मीटर, इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ९.११ × १०^-३१ किलो. प्रमाणरूप असंही म्हणतात, क्लासमध्ये सरळ 'टेन रेज टू'. (घात खरं तर वर, बारीक लिहितात, पण मोबाइलवर देवनागरी आकडा वर चढत नाही, म्हणून इथे ^ ही टोपी.)

पद्धत कोणाची यावर वाद आहे आणि त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले जातात. दहाच्या घातांना नावं देणं आपल्याकडे फार जुनं. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत एक, दश, शत पासून परार्धापर्यंत १३ नावं येतात, म्हणजे परार्ध १०^१२. संहितेचा काळ साधारण इ.स.पू. १००० च्या आगेमागे धरतात पण त्यावर एकमत नाही. भास्कराचार्यांच्या लीलावती या गणितग्रंथात (इ.स. ११५० च्या सुमारास) नावं १८ आणि परार्ध थेट १०^१७ वर. अर्बुद पण सरकलंय, संहितेत १०^७ तर लीलावतीत १०^८. त्यामुळे जुन्या ग्रंथात नुसतं 'परार्ध' वाचून आकडा ठरवू नये, आधी यादी कुठली ते बघावं. आर्किमिडीजनेही इ.स.पू. तिसऱ्या शतकात विश्वात मावतील तेवढे वाळूचे कण मोजायला स्वतःची नामपद्धत रचली, आजच्या भाषेत उत्तर १०^६३ पर्यंत जातं. पण हे सगळं नामकरण झालं, घातांक आकड्यात लिहिणं ही वेगळी गोष्ट. फ्रान्सच्या शुके या गणितज्ञाने १४८४ च्या हस्तलिखितात शून्य आणि ऋण घातांकही वापरलेत, मात्र ते छापलं गेलं १८८० च्या सुमारास, म्हणजे प्रभाव जवळपास नाहीच. वर उचललेला घातांक रुळवायचं श्रेय फ्रेंच गणितज्ञ देकार्तला (१६३७) देणं जास्त बरोबर वाटतं, आणि ऋण घातांक न्यूटनच्या १६७६ च्या पत्रात सहज वापरलेले दिसतात.

पुण्यात याचा चुलतभाऊ दर पावसाळ्यात पेपरात असतो, तो म्हणजे टीएमसी. थाउजंड मिलियन क्युबिक फीट, मराठीत अब्ज घनफूट, म्हणजे १०^९ हे युनिटनेच गिळलंय. (अब्ज लीलावतीतही १०^९ च.) खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणं भरली की २९.१५ टीएमसी, लिटरमध्ये साधारण ८.२५ × १०^११. हेच ८२५ × १०^९ लिहिलं तर ते अभियांत्रिकी रूप, त्यात घातांक तीनच्या पटीत ठेवतात म्हणजे किलो, मेगा, गिगा लगेच जुळतात.

बारीक टोकाला नारायणगावजवळ खोडदची रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. हायड्रोजनची लहर १.४२ × १०^९ हर्ट्झची, पण आकाशातून येणारी ऊर्जा मोजायचं एकक जान्स्की, म्हणजे दर हर्ट्झला दर चौरस मीटरवर १०^-२६ वॉट. आणि काम बऱ्याचदा त्याच्याही हजाराव्या भागात चालतं.

सार्थ अंकांचा, म्हणजे संख्येतले किती अंक खरंच मोजलेले याचा, घोळ पण याने मिटतो. नुसतं १५०० लिहिलं तर शेवटची शून्यं मोजलेली की भरतीची ते कळत नाही, १.५० × १०^३ लिहिलं की कळतं, तीन अंक खात्रीचे.

कॉम्प्युटरवर दहाच्या घाताऐवजी ई लिहितात, फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेच्या १९५६ च्या मॅन्युअलमध्ये तो आहे. सोसायटीच्या यादीत ९१ सकट मोबाइल नंबर एक्सेलमध्ये टाकला की ९.१९ ई प्लस ११ असं काहीतरी दिसतं ते हेच. फॉरमॅट नंबर करून दशांश शून्य ठेवले की नंबर परत येतो. पण १६ आकडी कार्ड नंबर तसाच टाइप केला असेल तर शेवटचा आकडा शून्य झालेला असतो, कारण एक्सेल १५ आकड्यांपुढचं लक्षातच ठेवत नाही, आणि मग कार्ड परत काढून बघण्याशिवाय इलाज नाही.