डाळिंबावरचे पांढरे कापड आणि साखळीची लांबी

आटपाडीच्या माळावर उन्हाळ्यात डाळिंबाच्या ओळी पांढऱ्या कापडाखाली जातात. फळाला उन्हाचे चट्टे पडू नयेत म्हणून टाकलेले हे क्रॉप कव्हर. त्याला ना ताणा, ना बाणा. बारीक तंतू एकमेकांवर अंथरून उष्णतेने जागोजागी चिकटवलेले असतात. 20 जीएसएमचे म्हणजे चौरस मीटरला 20 ग्रॅमचे कापड घेतले, तर 1.6 मीटर रुंद आणि 100 मीटर लांब रोल जेमतेम 3.2 किलो भरतो.

खताचे विणलेले पोते आणि हे कापड, दोन्ही पॉलिप्रॉपिलीन या एकाच प्लास्टिकची. तरी पोते ज्या प्लास्टिकच्या दाण्यापासून बनते तो दाणा या कापडाच्या मशीनमध्ये टाकला, तर तंतू नीट ओढलाच जात नाही. फरक आहे रेणूच्या लांबीचा. पॉलिप्रॉपिलीनचा रेणू म्हणजे प्रॉपिलीनचे हजारो घटक एकामागे एक जोडलेली साखळी. एका घटकाचा रेणुभार 42. पोत्याच्या दाण्याचा सरासरी रेणुभार साडेतीन लाखांच्या आसपास असतो, तर या कापडाला, म्हणजे स्पनबॉन्डला, त्याच्या साधारण निम्मा लागतो, म्हणजे सुमारे चार हजार घटकांची साखळी.

निम्मा म्हटल्यावर फरक किरकोळ वाटेल. पण लांब साखळ्या वितळलेल्या अवस्थेत एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि या वितळलेल्या रसाचा घट्टपणा रेणुभाराच्या जवळजवळ 3.4 व्या घाताने बदलतो. रेणुभार निम्मा केला की रस दहापटीहून अधिक पातळ होतो.

कारखान्यात रेणुभार थेट कोणी मोजत बसत नाही. मोजतात एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स), म्हणजे वितळलेला रस किती सहज वाहतो त्याचा आकडा. 230 अंश सेल्सिअसला तापवलेल्या नळीत दाणे भरायचे, काही मिनिटे वितळू द्यायचे, वर 2.16 किलोचे वजन ठेवायचे आणि 2.095 मिलिमीटरच्या भोकातून 10 मिनिटांत किती ग्रॅम रस उतरतो ते बघायचे. पोत्याचा दाणा 3 च्या आसपास, स्पनबॉन्डचा 35 च्या आसपास. मास्कमधल्या गाळणीच्या थराला लागणारा मेल्टब्लोन दाणा हजाराच्या पुढे. तिथे ही चाचणीच अडखळते. एमएफआय 1200 म्हणजे सेकंदाला 2 ग्रॅम. नळीत मावतो चार-सहा ग्रॅम माल, तो कापायला सुरी उचलेपर्यंत संपतो. म्हणून अशा दाण्याला निम्म्या भोकाची, निम्म्या उंचीची डाय, म्हणजे भोकाचा तुकडा, लावतात. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नसतील, तर आधी डाय कोणती होती ते विचारावे.

साखळी आखूड करायचे दोन रस्ते आहेत. पहिला रिअ‍ॅक्टरमध्येच. साखळी वाढत असताना हायड्रोजन सोडला की ती तिथेच तुटते आणि उत्प्रेरकावर नवी सुरू होते. हायड्रोजन जास्त, तर साखळी आखूड. मात्र झीग्लर-नाट्टा नावाच्या नेहमीच्या उत्प्रेरकावर सगळ्या साखळ्या एकसारख्या निघत नाहीत. काही फार लांब, काही फार आखूड. तंतू ओढताना या मोजक्या लांब साखळ्याच त्रास देतात. त्या ताण धरून ठेवतात आणि हवेच्या झोताने ओढला जाणारा तंतू तुटतो.

दुसरा रस्ता जास्त गमतीचा. लांब साखळीचा दाणा घ्यायचा आणि एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे दाणे वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्रात, पेरॉक्साइड घालून ती मुद्दाम तोडायची. पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध उष्णतेने फुटतो. नेहमीच्या वापरातले पेरॉक्साइड 180 अंशांच्या सुमारास मिनिटाभरात निम्मे संपते, 220 च्या पुढे काही सेकंदांत. त्यातून निघालेले मुक्त मूलक, म्हणजे तुटलेल्या बंधाचे अतिक्रियाशील तुकडे, साखळीवरचा सैल हायड्रोजन खेचून घेतात. पॉलिप्रॉपिलीनमध्ये एकाआड एक कार्बनवर असा हायड्रोजन असतो. तो गेला की शेजारचा बंध सुटतो आणि साखळीचे दोन तुकडे होतात. घाव कुठेही पडू शकतो, त्यामुळे जी साखळी लांब तिच्यावर तो पडण्याची शक्यता जास्त. नेमक्या त्रासदायक साखळ्या आधी तुटतात. सरासरी उतरते आणि सगळ्या साखळ्या लांबीने एकमेकींच्या जवळ येतात. स्पनबॉन्डला हवे ते हेच.

हिशोब सोपा, चूक महाग. समजा 500 पीपीएम (दहा लाखांत 500 भाग) पेरॉक्साइड हवे आहे. म्हणजे 100 किलो दाण्यात 50 ग्रॅम. एवढेसे द्रव हॉपरमध्ये, म्हणजे दाणे भरायच्या नरसाळ्यात, ओतून सारखे पसरणार नाही, आणि उघड्यावर हाताळायला ते धोक्याचेही आहे. म्हणून 10 टक्के पेरॉक्साइड आधीच मुरवलेले दाणे, म्हणजे मास्टरबॅच, वापरतात, 100 किलोला 500 ग्रॅम. डोसिंगचा स्क्रू क्षणभर अडकला तरी त्या पट्ट्यातला माल घट्ट राहतो आणि कापडात जाड तंतूंचा पट्टा येतो. दाण्यातला अँटिऑक्सिडंटही यात वाटा मागतो, कारण मूलक टिपणे हेच त्याचे काम. दाण्याची कंपनी बदलली की जुना डोस आंधळेपणाने चालवू नये. मास्टरबॅच पत्र्याच्या शेडमध्ये तापत ठेवला, तर त्याचा जोर वापरण्याआधीच उतरतो. आणि हॉपरमध्ये पॉलिथिलीनचा दाणा मिसळला, तर उलटेच घडते. पॉलिथिलीनच्या साखळ्या पेरॉक्साइडने तुटण्याऐवजी एकमेकींना जोडल्या जातात, गाठी होतात आणि रस गाळणारी जाळी तुंबते.

लाईनवर पुढे गिअर पंप ठरलेल्या वेगाने रस ढकलतो. स्पिनरेट म्हणजे हजारो भोकांचा सोऱ्या, एकेक भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पंपाचा वेग आणि तापमान तेच असताना स्पिनरेटआधीचा दाब घसरला, तर साखळी जास्त तुटते आहे. दाब चढला, तर कमी तुटते आहे किंवा जाळी भरली आहे. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत हा काटाच खरा. दाब चढला की तापमान वाढवून वेळ मारून नेण्याची सवय मात्र वाईट. तापमानाने रस पातळ होतो, पण धूर वाढतो, डायवर मेणासारखा थर जमतो आणि साखळ्या बेहिशेबी तुटू लागतात. कापडाच्या कडेची कापलेली पट्टी पुन्हा वितळवून घालतात, तिचेही तसेच. ती एकदा एक्स्ट्रूडरमधून जाऊन आलेली असते, म्हणून तिचा एमएफआय ताज्या दाण्यापेक्षा वरच असतो. प्रमाण दर पाळीला बदलत राहिले, तर दाबही नाचतो.

फार तोडले तर? स्पनबॉन्डमध्ये तंतू ओढताना थेंब पडतात. ते कापडावर काचेसारखे कडक ठिपके होऊन बसतात आणि तिथूनच कापड फाटते. तंतूची ताकदही जाते. मेल्टब्लोनमध्ये इतके पातळ चालते, कारण तिथे गरम हवेच्या झोताने एक ते पाच मायक्रॉनचे तंतू उडवायचे असतात. ताकदीचे काम शेजारचे स्पनबॉन्ड थर करतात.

आता तेच कापड झाडावर येते आणि कारखान्यात थांबवलेली क्रिया सूर्य पुढे नेतो. अतिनील किरण, हवेतला ऑक्सिजन आणि तोच सैल हायड्रोजन. पुन्हा मूलक, पुन्हा साखळी तुटणे. फरक इतकाच की इथे डोस मोजणारे कोणी नाही. 15 ते 25 मायक्रॉनच्या तंतूला बाहेरची बाजूच जास्त, आत लपायला जागा नाही. म्हणून दाण्यात हॅल्स नावाचे अमाइन वर्गातले स्थिरक मिसळतात, जे मूलक टिपत राहते. बिनस्थिरकाचे स्वस्त कापड हंगाम संपायच्या आत हाताला भुसभुशीत लागते.

तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षपट्ट्यात आणि डाळिंबातही एक अडचण आहे, जी विक्रेते सहसा सांगत नाहीत. साध्या हॅल्सचे गंधकाशी पटत नाही. भुरी रोगासाठी मारलेल्या गंधकापासून कापडावर आम्लधर्मी पदार्थ तयार होतात, आणि मुळात अल्कधर्मी असलेले हॅल्स त्यांच्याशी बांधले जाऊन निकामी होते. बोर्डो मिश्रणातले तांबेही पॉलिप्रॉपिलीनच्या ऑक्सिडेशनला चालना देते. म्हणून गंधक किंवा बोर्डो मारायचे असेल तर कापड आधी गुंडाळून बाजूला घ्यावे आणि फवारणी पूर्ण वाळल्यावर परत टाकावे. ते जमणार नसेल, तर आम्लाला दाद न देणाऱ्या एनओआर प्रकारच्या हॅल्सचे कापड मागावे. ते महाग पडते, पण फवारणीच्या बागेत टिकते. कोणतेही कापड वापरा, दर पंधरवड्याला जास्त उन्हाची बाजू दोन बोटांत ताणून बघा. तंतू लांबण्याऐवजी कटकन तुटू लागले की कापड त्याच आठवड्यात उतरवा. नंतर त्याचा भुगा होतो आणि तो मातीतून वेचता येत नाही.