20 टक्क्यांची रेघ: दात्याच्या किडनीची बायोप्सी कुठून आली

रामबागेत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी त्यांचं नाव यादीत आहे. परवा काकूंनी विचारलं, "किडनी लावायच्या आधी तिचा तुकडा तपासतात म्हणे. मग ती किती वर्षं चालेल ते आधीच कळत असेल ना?" या तपासणीला बायोप्सी म्हणतात. मी इंदूरमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं असले तुकडे कापले, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. एका वाक्यात उत्तर देता आलं नाही.

1954 मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं, तेव्हा दाता पेशंटचा धडधाकट जुळा भाऊ होता. तुकडा काढून बघण्याचं कारणच नव्हतं. 1980 च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे शरीराला परका अवयव नाकारू न देणारं औषध आलं, परक्याची किडनीही टिकू लागली आणि मागणी वाढली. तरुण, अपघातात गेलेले दाते पुरेनात. साठीच्या पुढचे, बीपीचे, पक्षाघाताने गेलेले दातेही घ्यावे लागले. अशी किडनी बाहेरून छान गुलाबी दिसते. आतून किती झिजली आहे, हे मायक्रोस्कोपच सांगणार.

मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा नजर जाते ती ग्लोमेरुलसकडे. बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता, रक्त गाळणारा गोळा. निरोगी असेल तर त्यात मोकळ्या फटी दिसतात. वयाने किंवा बीपीने मेलेला गोळा आक्रसून, घट्ट, सपाट गुलाबी होतो. 1995 मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिसच्या लिलियन गॅबर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की 20 टक्क्यांहून जास्त गोळे असे मेलेले असतील, तर प्रत्यारोपणानंतर किडनी कमी चालते, वाया जाण्याचं प्रमाणही वाढतं. पेशंट शंभरही नव्हते. पण आकडा लक्षात राहायला सोपा होता, आणि तो जगभर रुजला.

इटलीत बर्गामोच्या ज्युसेप्पे रेमुझी यांच्या गटाने वेगळा विचार केला. ग्लोमेरुलस, नलिका, मधली ऊती आणि रक्तवाहिन्या, प्रत्येकाला 0 ते 3 गुण. बेरीज 3 पर्यंत असेल तर एक किडनी पुरे. 4 ते 6 असेल तर दोन्ही किडन्या एकाच पेशंटला. त्यावर गेली तर नको. 2006 मध्ये त्यांनी दाखवलं की अशा पारखून घेतलेल्या साठीपुढच्या किडन्या तरुण दात्यांच्या किडन्यांइतक्याच टिकल्या. एरवी फेकल्या गेल्या असत्या अशा किडन्या वाचवण्यासाठी ही बायोप्सी होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

अमेरिकेत मात्र तीच बायोप्सी नकाराचं कारण झाली. तिथे मृत दात्यांच्या निम्म्या किडन्यांची बायोप्सी होऊ लागली, आणि किडनी टाकून देताना सर्वांत जास्त वेळा नोंदवलं गेलेलं कारण 'बायोप्सीचा निष्कर्ष' हेच. 2004 ते 2014 या काळात तिथे सुमारे 18 टक्के किडन्या टाकल्या गेल्या, फ्रान्समध्ये सुमारे 9 टक्के. सगळा फरक बायोप्सीचा नाही. फ्रान्स वयस्क दातेही जास्त स्वीकारतो. पण 2021 मध्ये अमेरिकेत बायोप्सीमुळे टाकलेल्या किडन्यांशी मिळत्याजुळत्या, युरोपात बसवलेल्या किडन्या शोधून बघितल्या, तर त्यातल्या बऱ्याच वर्षानुवर्षं काम करत होत्या. 2014 पासून अमेरिकेत वाटपासाठी वापरात आलेल्या, दात्याच्या किडनीचा दर्जा मोजणाऱ्या निर्देशांकात वय, बीपी, मधुमेह, क्रिएटिनिन (किडनी किती गाळते ते सांगणारा रक्तातला घटक) हे सगळं आहे, बायोप्सी नाही.

असं का होतं, ते लॅबमध्ये उभं राहिलं की कळतं. बर्फात ठेवलेली किडनी थांबत नाही, म्हणून फ्रोझन सेक्शन करायचं. तुकडा जेलमध्ये बसवून उणे वीसच्या आसपास गोठवायचा, काही मायक्रॉनचे काप घ्यायचे, रंगवायचे आणि अर्ध्या तासात उत्तर द्यायचं. गोठताना बर्फाचे कण ऊती फाडतात. मधली ऊती सुजलेली आहे की गोठवण्याने फुगली आहे, हे सांगणं अवघड जातं. बहुतेक वेळा रात्र असते, आणि ड्यूटीवरचे पॅथॉलॉजिस्ट किडनीचे तज्ज्ञ असतीलच असं नाही. सर्जनने पृष्ठभागाची पाचर कापून दिली, तर आवरणाखालचा भाग येतो, जिथे वयाचे व्रण आधी उमटतात. तिथली टक्केवारी फुगते, आणि खोलवरच्या मोठ्या रक्तवाहिन्या दिसतच नाहीत. सुईने काढला तर त्या दिसतात, पण गोळे मोजकेच मिळतात.

12 गोळे मिळाले आणि 2 मेलेले असले, तर 17 टक्के. 3 असले, तर 25. एका गोळ्याने रेघ ओलांडली जाते. म्हणून निदान 25 गोळे तरी हवेत, असं धरतात.

काकूंना मी हा 12 आणि 3 चा हिशेबच वहीत करून दाखवला. आपल्याकडे 1994 च्या कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली, आणि इंदूरचा पहिला ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे अवयव वेळेत पोचवण्यासाठी मोकळा केलेला रस्ता, 2015 च्या ऑक्टोबरमध्ये झाला. आता इथल्या दात्यांतही वयस्क माणसं येणार. काकांसाठी फोन आला आणि बायोप्सीचा उल्लेख निघाला, तर टक्केवारीच्या आधी गोळे किती मिळाले ते विचारा, असं सांगितलं. दात्याचं वय आणि क्रिएटिनिनही विचारा म्हटलं. काकूंनी तिन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या आणि वही फोनजवळ ठेवली.