डी.एम. कार्डिऑलॉजी प्रवेश: रँकइतकीच कागदांचीही तयारी ठेवा

एम.डी. मेडिसिन संपत आलं की वॉर्डात एकच विषय असतो, कार्डिओ, म्हणजे एम.डी.नंतरची हृदयरोगातली डी.एम. पदवी, मिळेल का? रँकची काळजी सगळेच करतात. कागदांची आठवण मात्र बहुतेकांना सीट लागल्यावर होते.

आधी पात्रता. जनरल मेडिसिन, पेडियाट्रिक्स किंवा रेस्पिरेटरी मेडिसिन यांपैकी एकात एम.डी. किंवा त्याच तोडीचं डी.एन.बी. हवं. अर्जात 'मेडिकल ग्रुप' निवडायचा, कारण कार्डिऑलॉजी त्याच गटात आहे. नीट-एसएस ही सुपर स्पेशालिटीची प्रवेश परीक्षा राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेतं: १५० प्रश्न, अडीच तास, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. एम्स, चंदीगडचं पीजीआय आणि पुदुच्चेरीचं जिपमेर इथल्या जागा मात्र आयएनआय-एसएस या वेगळ्या परीक्षेतून भरतात. तिचा अर्ज स्वतंत्र भरावा लागतो.

समुपदेशन, म्हणजे पसंतीक्रम घेऊन जागा वाटणं, एमसीसीच्या (मेडिकल कौन्सेलिंग कमिटीच्या) संकेतस्थळावर होतं. नोंदणी शुल्क ५ हजार, ते परत मिळत नाही. अनामत २ लाख, ती परत मिळते, पण ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात. म्हणून सायबर कॅफेवाल्याच्या कार्डावरून भरू नका. पसंतीक्रम भरताना नुसतं शहर पाहू नका. कॅथ लॅबमध्ये (अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी होते ती खोली) रेसिडेंटच्या, म्हणजे शिकणाऱ्या डॉक्टरच्या, हाताला किती काम मिळतं, हे तिथल्या सीनियरना फोन करून विचारा. परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ साली भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. अशा जुन्या रुग्णालयांत रुग्णांची गर्दी असते, आणि शिकणाऱ्यासाठी तीच मोठी शिदोरी.

आता फाइल. प्रवेशपत्र, निकालपत्र, सीट मिळाल्याचं पत्र, दहावीचं प्रमाणपत्र, एमबीबीएसची पदवी, एम.डी.ची पदवी किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र, मेडिकल कौन्सिलची एमबीबीएस आणि एम.डी. अशी दोन्ही नोंदणी प्रमाणपत्रं, आधार, फोटो. सरकारी नोकरीत असाल तर ना-हरकत पत्रही. सगळे कागद मूळ हवेत. मूळ एमबीबीएस किंवा एम.डी.ची पदवी बाँडपायी (सरकारी सेवेच्या करारापायी) जुन्या कॉलेजात अडकली असेल, तर निकालाची वाट न पाहता ती मिळावी म्हणून आजच अर्ज द्या आणि पोच घ्या.

दुसरा घोळ नावाचा. आमच्या एका ज्युनिअरच्या एमबीबीएसच्या पदवीवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव होतं, एम.डी.वर नवऱ्याचं. प्रवेशाच्या वेळी कागद तपासणाऱ्या खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बोट लावून दाखवलं. विवाह प्रमाणपत्र गावी कपाटात होतं. वडील रात्रीच्या एसटीने घेऊन आले, म्हणून निभावलं. राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र फाइलमध्ये आधीच ठेवा.

प्रवेशानंतरची तीन वर्षं फक्त अँजिओग्राफीची नसतात, संशोधनही करावं लागतं. विषय ठरला की प्रस्ताव संस्थेच्या नैतिकता समितीकडे जातो. सोबत मार्गदर्शकाची सही, रुग्णाला द्यायचं माहितीपत्रक आणि संमतीपत्र. क्लिनिकल ट्रायल, म्हणजे रुग्णांवर उपचाराची चाचणी, असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी. मंजुरीआधी एकाही रुग्णाची माहिती गोळा करायची नाही.

संमतीपत्राचा मराठी मसुदा घाईत उरकू नका. 'हृद्स्नायू अभिकोथ' लिहिलंत, तर चाळीसगावहून आलेली आजी कशाला होकार देते ते तिला कळणार नाही. 'हार्ट अटॅक' लिहा. तिला वाचून दाखवा, तिचे प्रश्न संपू द्या, आणि मगच सही किंवा अंगठा घ्या.