डेटाबेस जोडणीतील बिघाड

कामाच्या संगणकावरील प्रोग्रामचा, माहिती साठवणाऱ्या सर्व्हरशी संपर्क न होणे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील पतसंस्था, उद्यमबागेतल्या फौंड्र्या किंवा रविवार पेठेतली घाऊक दुकाने घेतली, तर अनेक ठिकाणी सगळा हिशेब आतल्या खोलीतल्या एकाच संगणकावर असतो आणि काउंटरवरची यंत्रे लॅनने (इमारतीतल्या अंतर्गत नेटवर्कने) त्याला जोडलेली असतात. मग ‘सर्व्हर कनेक्ट होईना झालाय’ म्हणताच समोरची रांग थांबते.

अशा वेळी प्रोग्राम काढून पुन्हा टाकण्याची घाई होते. ती चूक आहे. विनंती कुठपर्यंत पोचली हे पडद्यावरचा संदेशच सांगतो, म्हणून ‘ओके’ दाबण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो काढावा. विंडोजचा १००६० क्रमांक म्हणजे पलीकडून उत्तरच आले नाही : पत्ता चुकला, केबल निघाली किंवा फायरवॉलने (नको त्या जोडण्या रोखणाऱ्या संरक्षक प्रोग्रामने) वाट अडवली. १००६१ आला तर बहुधा यंत्र सापडले आहे, पण त्या पोर्टवर (यंत्रातल्या सेवेच्या क्रमांकित दारावर) ऐकणारे कोणी नाही. डेटाबेसची सर्व्हिस (पडद्याआड चालणारा प्रोग्राम) सुरू आहे का ते पाहावे. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस प्रोग्रामचा १८४५६ किंवा मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस प्रोग्रामचा १०४५ क्रमांक दिसला, तर वायरिंगला हात लावू नये. सर्व्हर भेटला आहे, त्याने लॉगिन नाकारले आहे. मायएसक्यूएलचा १०४० म्हणजे एकाच वेळच्या जोडण्यांची मर्यादा संपली. मूळ मांडणीत ती १५१ असते.

पावसाळ्यात वीज जाऊन आली की वेगळाच घोटाळा होतो. राउटर सर्व्हरला नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) देतो आणि काउंटरवरचे यंत्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहते. सर्व्हरचा पत्ता कायमचा बांधून टाकणे हाच यावरचा खरा इलाज. राउटर बदलल्यावर विंडोज नव्या नेटवर्कला ‘पब्लिक’ (सार्वजनिक, बिनभरवशाचे) समजू शकते. मग कालपर्यंत चालणारी जोडणी फायरवॉल अडवते. पिंगला (यंत्राला मारलेल्या चाचणीच्या हाकेला) उत्तर आले म्हणजे यंत्र जागे आहे एवढेच कळते, डेटाबेसचे पोर्ट उघडे आहे की नाही ते वेगळे तपासावे लागते. एसक्यूएल सर्व्हरचे नेहमीचे पोर्ट १४३३, मायएसक्यूएलचे ३३०६, पोस्टग्रेस या आणखी एका डेटाबेसचे ५४३२. एसक्यूएल सर्व्हरच्या मोफत एक्स्प्रेस आवृत्तीत टीसीपी-आयपी (नेटवर्कवरून जोडणी स्वीकारण्याची सोय) सुरुवातीला बंदच असते, हे नव्या बसवणीत हमखास विसरले जाते. ओडीबीसी (प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारी प्रमाणित पद्धत) वापरणाऱ्या ३२ बिट प्रोग्रामला ड्रायव्हर, म्हणजे मधला जोडणी करणारा भागही, ३२ बिटच लागतो.

सीमाभागात आणखी एक गोष्ट जपावी लागते. एकाच खातेवहीत कन्नड आणि मराठी नावे असतात. जोडणी होते, कोणताही त्रुटिसंदेश येत नाही, पण जोडणीची अक्षरसंहिता (अक्षरांचे संगणकी आकड्यांत रूपांतर करण्याची पद्धत) चुकीची असेल तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. ती केवळ दिसण्यापुरती असतील तर मांडणी सुधारून नावे परत दिसतात. प्रश्नचिन्हेच साठवली गेली असतील, तर मूळ अक्षरे बॅकअपमधून किंवा कागदी अर्जांवरून पुन्हा भरावी लागतात.