मलम की लोशन? फरक पाण्याचा

थंडी पडू लागली, ओठ फुटू लागले आणि पोटरीवर नख ओढल्यावर पांढरी रेघ उमटू लागली, की घरच्या घरी नैसर्गिक लोशन कसे करावे याची विचारपूस सुरू होते. सांगितल्या जाणाऱ्या कृतींत बहुधा खोबरेल, मधमाशीचे मेण, कोरफडीचा गर आणि व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल असतात. तयार झालेल्या पदार्थाला कोणी लोशन म्हणते, कोणी क्रीम, तर कोणी मलम. नावांच्या या सरमिसळीत मुख्य भेद हरवतो. मलमात पाणी नसते, लोशनमध्ये ते निम्म्याहून बरेच अधिक असते, आणि पदार्थ किती टिकेल, कसा करावा लागेल व त्वचेवर काय काम करील हे सारे या एका गोष्टीवर ठरते.

स्वयंपाकघरात हा भेद आपल्या रोजच्या पाहण्यातला आहे. लोण्यात पाण्याचा आणि ताकाचा अंश राहतो, म्हणून ते बाहेर ठेवल्यास लवकर आंबूस होते. तेच कढवून पाणी उडवले की झालेले तूप महिनोन्महिने राहते. बुरशीला आणि जिवाणूंना वाढायला पाणी लागते, नुसत्या स्निग्धात त्यांचा निभाव लागत नाही. मलम हे तुपाच्या जातीचे आहे. लोशनची जात दुधाची आहे, कारण त्यातही स्निग्धाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असतात, आणि दूध बाहेर ठेवले तर काय होते हे कोणाला सांगायला नको.

कोकणात टाचांच्या भेगांना लावतात ते कोकमतेल मलमाच्या बाजूचे उत्तम उदाहरण आहे. कोकमाच्या बिया वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळतात, वर तरंगलेला स्निग्धांश काढून घेतात आणि थिजत आला की हाताने त्याचे गोळे वळतात. हा गोळा साध्या हवेत घट्ट राहतो, 40 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि म्हणूनच अंगाच्या उबेवर चोळला की मऊ होतो. तिळाचे तेल आणि मधमाशीचे मेण यांपासून केलेले आयुर्वेदातील सिक्थतैलही याच कुळातले.

मलम घरी करणे खरोखर सोपे आहे. 15 ग्रॅम मधमाशीचे मेण, 15 ग्रॅम कोकमतेल आणि 70 ग्रॅम तिळाचे तेल एका कोरड्या भांड्यात घेऊन ते भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावे. मेण साधारण 62 ते 64 अंशांवर वितळत असल्याने थेट आचेची गरज नसते. सारे एकजीव झाले की एक थेंब थंड स्टीलच्या चमच्यावर टाकावा, जसा आपण पाक पाहण्यासाठी बशीत टाकतो. दोन मिनिटांत त्यावर साय धरल्यासारखा थर येतो. बोट फिरवून पाहावे, फार कडक वाटले तर तेल आणि फार पातळ वाटले तर मेण वाढवावे. मे महिन्याच्या उकाड्यात हेच मलम सैल पडते, त्यामुळे उन्हाळ्यासाठी मेण थोडे जास्त ठेवलेले बरे. डबी मात्र पूर्ण कोरडी हवी आणि ओले बोट तिच्यात जाता कामा नये.

लोशनचे काम वेगळ्या शिस्तीचे आहे. 100 ग्रॅम लोशनसाठी ढोबळ प्रमाण असे धरता येते: डिस्टिल्ड वॉटर 74 ग्रॅम, ग्लिसरीन 4 ग्रॅम, तेल 16 ग्रॅम, इमल्सिफाइंग वॅक्स (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे मेण) 5 ग्रॅम आणि प्रिझर्व्हेटिव्ह (बुरशी व जिवाणूंना रोखणारा पदार्थ) 1 ग्रॅमपर्यंत, तेही त्याच्या वेष्टनावर दिलेल्या मर्यादेतच. पाणी व ग्लिसरीन एका भांड्यात, तेल व वॅक्स दुसऱ्यात, अशी दोन्ही भांडी 70 ते 75 अंशांपर्यंत तापवून मिश्रण एकत्र करतात, ते निवेपर्यंत ढवळत राहतात आणि 40 अंशांच्या खाली आल्यावर प्रिझर्व्हेटिव्ह घालतात. येथे चमच्याचे माप उपयोगाचे नाही. ग्रॅमचे अंश दाखवणारा वजनकाटा लागतो.

सर्वांत मोठी गफलत मेणाच्या नावात आहे. इमल्सिफाइंग वॅक्सचा एक अंश पाण्याशी आणि दुसरा तेलाशी जमवून घेतो, म्हणून दोन्ही धरून राहतात. मधमाशीच्या मेणाला एकट्याने हे साधत नाही. ते मिश्रण घट्ट करते, त्यामुळे पाण्याचे थेंब एकमेकांना मिळायला वेळ लागतो आणि जमल्याचा भास होतो. दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलन याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या क्रीममध्ये मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी होते, आणि ते पाणी हळूहळू सुटत असे; पुढे त्यात बोरॅक्स (टाकणखार) आले, तेव्हा मेणातील आम्लाशी त्याचा संयोग होऊन साबण तयार होऊ लागला आणि त्या साबणाने पाणी व तेल बांधून ठेवले.

मी स्वतः हीच चूक केली होती. कुंडीतल्या कोरफडीचा गर, खोबरेल आणि मेण मिक्सरमधून काढले, तेव्हा श्रीखंडासारखे गुळगुळीत पांढरे क्रीम झाले. पाचव्या दिवशी बरणीच्या काचेला आतून पाण्याचे बारीक मणी दिसले आणि बाराव्या दिवशी झाकणाच्या कडेला हिरवट-काळे ठिपके. वर चार कॅप्सूल व्हिटॅमिन ई फोडून घातली होती, म्हणून मी निश्चिंत होते. व्हिटॅमिन ई तेलाला लवकर खवट होऊ देत नाही, एवढेच त्याचे काम. बुरशीला ते अडवत नाही. कोरफडीचा गर तर जवळजवळ सगळा पाणीच असतो. बुरशी डोळ्यांना दिसते तेव्हा ती बरीच वाढलेली असते, आणि जिवाणू वाढूनही रंग-वास न बदलण्याची शक्यता असते. अशी बरणी वरचा थर काढून वापरू नये, सगळी टाकावी.

शतधौत घृत या दोहोंच्या मध्ये बसते. पाण्याने शंभर वेळा धुतलेले ते पांढरेशुभ्र तूप मलमासारखे दिसते, पण धुताना त्यात पाण्याचा अंश अडकून राहतो, म्हणून ते थोडेच करावे आणि लवकर संपवावे.

माझे मत स्पष्ट आहे: प्रिझर्व्हेटिव्ह वापरायचाच नसेल तर लोशन करू नये, मलम करावे. मलम त्वचेला पाणी देत नाही, असलेले पाणी उडू देत नाही. त्यामुळे कोरड्याठाक हातावर चोळले तर ते चिकट लागते आणि गुण दिसत नाही. अंघोळीनंतर अंग टिपून घ्यावे, त्वचा किंचित ओलसर असतानाच कोरड्या चमच्याने वाटाण्याएवढे मलम तळहातावर काढून घ्यावे, दोन्ही हातांत चोळून पातळ करावे आणि मग पोटऱ्यांवर व कोपरांवर पसरावे. प्रथमच वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून एक दिवस पाहावे; तान्ह्या बाळासाठी किंवा इसब असलेल्या त्वचेसाठी आधी डॉक्टरांना विचारावे.