कमांड लाइनवरून डेटाबेस तयार करणे

कमांड लाइनवरून डेटाबेस तयार करणे : माऊस आणि बटणांची मदत न घेता, टर्मिनलवर (फक्त मजकूर दाखवणाऱ्या काळ्या खिडकीत) मजकुरी आज्ञा टाइप करून माहिती साठवण्यासाठी नवी, रिकामी जागा उघडण्याची पद्धत. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स अशा अभ्यासक्रमांत डेटाबेसच्या प्रॅक्टिकलची सुरुवात बहुधा इथूनच होते. नाशिकमधली यातली बरीच महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. तिथल्या लॅबमध्ये विद्यार्थ्याची गाठ पडते ती अभ्यासक्रमाप्रमाणे मायएसक्यूएल, पोस्टग्रेसक्यूएल, मोंगोडीबी अशा डेटाबेस सॉफ्टवेअरशी. कमांड म्हणाल तर एका ओळीची. नवख्याचा वेळ खातात ते तीन प्रश्न : ही ओळ कोणाला सांगायची, कोणाच्या नावाने सांगायची आणि मराठी मजकूर ठेवायचा असेल तर आधी काय ठरवायचे.

या नोंदीत कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत लिहाव्या लागतात. उदाहरणासाठी लासलगावच्या बाजार समितीतल्या कांदा लिलावाची नोंद ठेवणारा डेटाबेस घेतला आहे : शेतकऱ्याचे नाव, गाव, वजन क्विंटलमध्ये, कांदा लाल की उन्हाळ, आणि मिळालेला भाव.

माहिती टेबलांत मांडणाऱ्या रिलेशनल डेटाबेसची कल्पना एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० मध्ये मांडली. तिथल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये अशा डेटाबेसला आज्ञा देण्याची जी भाषा पुढे आणली, ती आजची एसक्यूएल. १९८६ मध्ये तिला अमेरिकी प्रमाण (स्टँडर्ड) मिळाले. गंमत अशी की ‘क्रिएट डेटाबेस’ ही आज्ञा एसक्यूएलच्या प्रमाणात नाही. टेबल कसे करायचे ते प्रमाण सांगते, डेटाबेस कसा उघडायचा ते प्रत्येक उत्पादनावर सोडते. म्हणून एकीकडे शिकलेली पायरी दुसरीकडे जशीच्या तशी चालत नाही, आणि पुस्तक एकाचे व इन्स्टॉलेशन दुसऱ्याचे असले की गाडी पहिल्याच धड्याला अडते.

कोण ऐकत आहे? : काळ्या खिडकीत एका वेळी दोनपैकी एकच श्रोता असतो. एक म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या कमांड घेणारा शेल, दुसरा म्हणजे आपली आज्ञा डेटाबेसच्या सर्व्हरकडे पोचवणारा प्रोग्राम, म्हणजेच क्लायंट. शेलमध्ये ओळीच्या सुरुवातीला डॉलरचे चिन्ह किंवा ड्राइव्हचे नाव दिसते; क्लायंटमध्ये ‘मायएसक्यूएल>’ किंवा ‘पोस्टग्रेस=#’. शेलमध्ये एंटर दाबले की कमांड संपते. क्लायंटमधली एसक्यूएल आज्ञा मात्र अर्धविरामाशिवाय संपत नाही.

पोस्टग्रेसक्यूएलमध्ये हा फरक चांगलाच दमवतो, कारण तिथे एकाच कामासाठी दोन वाटा आहेत : शेलमधून चालवायचा ‘क्रिएटडीबी’ हा छोटा प्रोग्राम आणि क्लायंटमध्ये द्यायची ‘क्रिएट डेटाबेस’ ही आज्ञा. विद्यार्थी पीएसक्यूएल हा तिथला क्लायंट उघडतो आणि सवयीने ‘क्रिएटडीबी कांदा_लिलाव’ लिहून एंटर दाबतो. काहीच होत नाही. एररही येत नाही. फक्त ‘=#’ च्या जागी ‘-#’ दिसते. त्याला वाटते, झाले काम. खरे तर क्लायंट अजून वाक्य पुरे होण्याची वाट पाहत असतो. मग तो खाली ‘क्रिएट डेटाबेस कांदा_लिलाव;’ अशी बरोबर ओळ लिहितो, पण क्लायंट दोन्ही ओळी जोडून वाचतो आणि सिंटॅक्स एरर देतो. बरोबर लिहूनही चूक निघाल्याने तो गोंधळतो. ‘-#’ दिसताच कंट्रोल आणि सी एकत्र दाबले की अर्धवट वाक्य रद्द होते. मायएसक्यूएलमध्ये अशा वेळी ‘->’ दिसते. पहिल्या तासाला कोणतीही कमांड शिकवण्याआधी हे एवढे दाखवावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

विंडोजवर अडचण त्याच्याही आधी येते. क्लायंटचा फोल्डर ‘पाथ’मध्ये (विंडोज प्रोग्राम जिथे शोधते त्या फोल्डरांच्या यादीत) नसेल तर ही कमांड ओळखीची नाही असे उत्तर मिळते, आणि इन्स्टॉलेशनच फसले अशा समजुतीने सगळे काढून पुन्हा टाकले जाते. पीएसक्यूएलने पासवर्ड विचारल्यावर टाइप केलेली अक्षरे दिसत नाहीत, ताऱ्याची खूणसुद्धा उमटत नाही. कीबोर्ड बिघडलेला नसतो. न बघता टाइप करून एंटर दाबायचे.

कोणाच्या नावाने? : डेटाबेस तयार करणे हा अधिकार आहे, तो प्रत्येक वापरकर्त्याला नसतो. मायएसक्यूएलमध्ये तो सुरुवातीला ‘रूट’कडे, तर पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ‘पोस्टग्रेस’ नावाच्या सुपरयूजरकडे असतो. उबुंटूवर या दोघांना साधारणपणे पासवर्ड विचारला जात नाही. लिनक्समध्ये तुम्ही कोण म्हणून वावरता आहात, ते पाहिले जाते. म्हणून तिथे ‘सुडो’ने, म्हणजे दुसऱ्या वापरकर्त्याच्या अधिकाराने, ‘सुडो मायएसक्यूएल’ किंवा ‘सुडो -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल’ असे आत जावे लागते. नुसते ‘पीएसक्यूएल’ म्हटले तर तो लिनक्समधल्या तुमच्याच नावाचा रोल (पोस्टग्रेसक्यूएलमधला वापरकर्ता) शोधतो आणि तसा रोल नाही म्हणून परत पाठवतो. रोल तयार करून पुन्हा प्रयत्न केला तर आता त्या नावाचा डेटाबेस नाही अशी तक्रार येते, कारण डेटाबेसचे नाव दिले नसेल तर वापरकर्त्याचेच नाव धरले जाते. दोन्ही संदेश दिसायला सारखे, पण दुसरा आला म्हणजे आपण एक पायरी पुढे सरकलो.

मायएसक्यूएलमध्ये १०४५ क्रमांकाची एरर म्हणजे दारातच अडवले. १०४४ म्हणजे आत घेतले, पण या डेटाबेसवर हक्क नाही. १००७ म्हणजे त्या नावाचा डेटाबेस आधीच आहे. लॅबमध्ये एकाच मशीनवर दोन-तीन बॅच बसत असल्या की १००७ हमखास भेटते. ‘इफ नॉट एक्झिस्ट्स’ जोडले की ती टळते, मात्र मग आपण आदल्या बॅचच्या टेबलांत लिहितो आहोत हे लक्षात येत नाही. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये क्रिएट डेटाबेसला ही सवलतच नाही.

चार उत्पादने, चार तऱ्हा : मायएसक्यूएलमध्ये ‘क्रिएट डेटाबेस कांदा_लिलाव;’ म्हटले की ‘क्वेरी ओके’ आणि एक ओळ बदलली असे उत्तर येते, आणि सर्व्हरच्या डेटा फोल्डरमध्ये त्या नावाचा एक फोल्डर तयार होतो. त्यानंतर ‘यूज कांदा_लिलाव’ म्हणणे राहून गेले, तर टेबल करताना १०४६ येते : डेटाबेस निवडलेलाच नाही. डेटाबेस तयार केला म्हणजे आपण आपोआप त्यात गेलो, असे होत नाही.

पोस्टग्रेसक्यूएल नवा डेटाबेस शून्यातून बनवत नाही. तो ‘टेम्प्लेट१’ नावाच्या साच्याची नक्कल काढतो. त्यामुळे एकही टेबल नसलेला डेटाबेससुद्धा काही एमबी जागा घेतो, आणि साच्यात कोणी चुकून टेबल केले असेल तर ते प्रत्येक नव्या डेटाबेसमध्ये उगवते. दुसऱ्या खिडकीतून कोणी टेम्प्लेट१ ला जोडलेले असेल तर नक्कल निघत नाही. ती खिडकी आधी बंद करावी लागते. ‘टेम्प्लेट०’ हा दुसरा साचा कोरा राखलेला असतो. शेलमधून क्रिएटडीबी यशस्वी झाले तर ते एक अक्षरही बोलत नाही. ही शांतता म्हणजेच होकार. खात्री हवी असेल तर पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश आणि एल टाइप करून यादी पाहावी.

रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये आणलेल्या एसक्यूलाइटमध्ये सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, क्रिएट डेटाबेसही नाही. शेलमध्ये ‘एसक्यूलाइट३’च्या पुढे फाइलचे नाव लिहायचे, ती फाइल म्हणजेच डेटाबेस. मात्र पहिले टेबल होईपर्यंत डिस्कवर फाइल उतरत नाही. आणि नाव न देता उघडले तर सगळे काम मेमरीत होते, बाहेर पडताच जाते. सबमिशनच्या आदल्या रात्री हे समजू नये.

मोंगोडीबीत ‘यूज’ म्हटले की नसलेल्या डेटाबेसमध्येही प्रवेश मिळतो. पहिली नोंद टाकेपर्यंत तो यादीत दिसत नाही. नावात एक अक्षर चुकले तरी एरर येत नाही, नव्या नावाने दुसराच डेटाबेस सुरू होतो.

गंगापूर धरणाजवळ मुख्यालय असलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसारखे जे घरी बसून शिकतात, त्यांच्या शेजारी लॅब असिस्टंट नसतो. अशांनी एसक्यूलाइटपासून सुरुवात करणे सोयीचे. टेबल आणि क्वेरी यांचा हात बसला की मग सर्व्हरच्या परवानग्यांशी झुंजावे.

नाव ठेवताना : रोमन लहान अक्षरे, आकडे आणि अंडरस्कोअर एवढ्यावर भागवावे. कांदा आणि लिलाव यांच्यामध्ये हायफन टाकला तर तो वजाबाकीचे चिन्ह म्हणून वाचला जातो आणि आज्ञा मोडते. मोठ्या-लहान अक्षरांचा घोळ याहून वाईट. विंडोजवरचे मायएसक्यूएल तिकडे सहसा दुर्लक्ष करते, लिनक्सवरचे करत नाही. घरच्या लॅपटॉपवर चाललेला प्रोजेक्ट कॉलेजच्या लिनक्स सर्व्हरवर बंद पडतो. पोस्टग्रेसक्यूएल अवतरणाशिवाय दिलेली नावे लहान अक्षरांत बदलून घेते, पण शेलमधला क्रिएटडीबी नाव जसेच्या तसे ठेवतो. तेव्हा शेलमधून मोठ्या एनने ‘नाशिक’ तयार केले आणि क्लायंटमधून अवतरणाशिवाय ‘ड्रॉप डेटाबेस नाशिक;’ म्हटले, तर असा डेटाबेसच नाही असे उत्तर येते.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या नोट्समधून कमांड कॉपी करताना आणखी एक फसगत होते. वर्ड सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे करतो, आणि हायफनचा लांब डॅश. डोळ्यांना ओळ बरोबर दिसते, क्लायंटला ती परकी वाटते. हाताने टाइप केलेले बरे.

मराठी मजकूर : लिलावाच्या डेटाबेसमध्ये शेतकऱ्यांची नावे देवनागरीत ठेवायची, तर एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत, जन्मावेळीच नीट हवे. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘नाशिक’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून ५ चिन्हे आहेत, म्हणजे १५ बाइट. मायएसक्यूएलचे जुने डिफॉल्ट लॅटिन१ (देवनागरी नसलेले एन्कोडिंग) होते; त्यात देवनागरी नाव टाकले की एक तर १३६६ एरर येते, नाहीतर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग साठते, आणि अशी साठलेली नावे परत मिळत नाहीत. त्या काळचे ‘यूटीएफ८’ ३ बाइटपर्यंतच जाते. मराठीला ते पुरते, इमोजीला पुरत नाही. ४ बाइटचे ‘यूटीएफ८एमबी४’ आवृत्ती ८.० पासून डिफॉल्ट आहे. जुन्या सर्व्हरवर ते क्रिएट डेटाबेसच्या ओळीतच ‘कॅरॅक्टर सेट’ म्हणून सांगावे. नंतर बदलता येते, पण तो बदल फक्त पुढे होणाऱ्या टेबलांना लागू होतो. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये तयार झालेल्या डेटाबेसचे एन्कोडिंग बदलताच येत नाही. नवा डेटाबेस करून माहिती त्यात हलवावी लागते.

दुसरी गोष्ट क्रमवारीची. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, ‘ळ’ची जागा ‘ल’च्या लगेच पुढे, ‘व’च्या आधी आहे. मराठी वर्णमालेत तो ‘ह’ नंतर येतो. त्यामुळे नुसत्या बाइटक्रमाने लावलेल्या यादीत काळे आधी आणि कावळे, काशीद मागून येतात. मराठी कोशाच्या शिस्तीने काळे शेवटी हवेत. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये आयसीयू या युनिकोड लायब्ररीचे मराठी कोलेशन (क्रमवारीचे नियम) वापरून ही शिस्त आणता येते. आवृत्ती १५ पासून ते अख्ख्या डेटाबेसला जन्मावेळीच लावता येते, मात्र त्यासाठी साचा टेम्प्लेट० घ्यावा लागतो.

एन्कोडिंग बरोबर असूनही विंडोजच्या जुन्या कन्सोलमध्ये चौकोन किंवा सुट्या मात्रा दिसतात. तो दिसण्याचा दोष आहे, साठवणीचा नाही. श्रीलिपी किंवा कृतीदेव यांच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या याद्यांचे उलट असते : डीटीपीच्या फाइलमध्ये मराठी दिसते, पण आत युनिकोड नसल्याने डेटाबेसमध्ये भलतीच रोमन अक्षरे येतात. अशी यादी आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी लागते.

पुसणे : ‘ड्रॉप डेटाबेस’ दिल्यावर मायएसक्यूएलचा क्लायंट खात्री करून घेत नाही, डेटाबेस आतल्या टेबलांसह लगेच जातो. पोस्टग्रेसक्यूएल, कोणी जोडलेले असेल तर, पुसायला नकार देते. आवृत्ती १३ पासून ‘फोर्स’ जोडून जोडण्या तोडता येतात. शेलमधल्या ‘ड्रॉपडीबी’ला ‘-आय’ हा पर्याय दिला तर तो आधी विचारतो. एसक्यूलाइटमध्ये फाइल डिलीट केली की झाले.