मोटरहोमचा तळ आणि व्हीलचेअर : एका बदलाची पार्श्वभूमी

हालचालींवर मर्यादा असलेल्या प्रवाशासाठी मोटरहोममध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या मोटारीत, बदल करायचे म्हटले, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दारापाशी बसवलेली लिफ्ट येते. खरे पाहता लिफ्ट हा या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. अवघड प्रश्न गाडीच्या तळाचा आहे. तो रस्त्यापासून किती उंच आहे, त्याच्या खाली काय काय बसवलेले आहे आणि त्याच्यावर व्हीलचेअर फिरवण्याइतकी जागा उरते का, यावर सगळे अवलंबून असते. हा तळ आज असा का आहे हे समजण्यासाठी फिरते घर, व्हीलचेअर आणि हातांनी चालवायची मोटार या तिघांचा इतिहास एकत्र पाहावा लागतो. बराच काळ हे तिन्ही इतिहास एकमेकांची दखल न घेता घडत होते.

हौसेच्या प्रवासासाठी मुद्दाम बांधून घेतलेले पहिले फिरते घर म्हणून ‘वाँडरर’ या घोडागाडीचे नाव सहसा घेतले जाते. प्रकृतीच्या कारणाने ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेले डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी ती १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या एका कारखान्याकडून करवून घेतली होती. पुढे १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात पिअर्स-ॲरो कंपनीची ‘टूरिंग लँडो’ ही मोटार आली, १९५१ पासून फोक्सवॅगनच्या व्हॅनवर वेस्टफालिया कंपनीने केलेली कॅम्परची रचना लोकप्रिय झाली आणि १९६६ मध्ये अमेरिकेतील विनेबागो कंपनीने जुळणीच्या साखळीवर मोटरहोम तयार करायला सुरुवात केली. काळ, इंधन आणि किंमत बदलत गेली तरी एक गोष्ट बदलली नाही. घर चाकांच्या आणि आसांच्या वर उभे राहिले, त्यामुळे दारातून आत जायचे तर पायऱ्या चढाव्या लागल्या. या पायऱ्या कोणी जाणूनबुजून कोणाला अडवण्यासाठी केल्या नव्हत्या. घरात येणारा माणूस आपल्या पायांनी चढून येणार, हे सर्वांनी न बोलता गृहीत धरले होते, एवढेच.

व्हीलचेअरची वाट याहून वेगळी होती. खाणीतील अपघातात जायबंदी झालेले अभियंते हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी १९३३ च्या सुमारास फुलीच्या आकाराच्या आडव्या दांड्यांवर घडी होणारी पोलादी नळ्यांची खुर्ची तयार केली. ती मोटारीत ठेवता यावी, हाच त्यामागचा हेतू होता. मात्र या खुर्चीच्या रचनेतही एक गृहीतक होते : बसणारी व्यक्ती खुर्चीतून उठून किंवा सरकून मोटारीच्या आसनावर जाईल आणि खुर्ची घडी होऊन मागे जाईल. कॅनडात जॉर्ज क्लाइन यांनी दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी विजेवर चालणारी खुर्ची विकसित केली, तेव्हा हे गृहीतक डळमळले. मोटर आणि बॅटऱ्या यांच्यामुळे ही खुर्ची जड झाली होती, आणि ती वापरणाऱ्यांपैकी अनेकांना आसन बदलणेच शक्य नव्हते. माणूस खुर्चीसकट गाडीत गेला पाहिजे, ही गरज इथून पुढे टाळता येण्यासारखी राहिली नाही.

हातांनी चालवायच्या मोटारींना मात्र तुलनेने लवकर मान्यता मिळाली. १९२१ मध्ये पोलिओसदृश आजाराने पाय अधू झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट हातांनी नियंत्रित होणारी १९३६ ची फोर्ड मोटार स्वतः चालवत असत. अमेरिकी काँग्रेसने १९४६ मध्ये युद्धात पाय गमावलेल्या सैनिकांना मोटारीसाठी प्रत्येकी १,६०० डॉलरपर्यंतची तरतूद केली. गिअर आपोआप बदलणाऱ्या मोटारी त्याआधी काही वर्षेच बाजारात आल्या होत्या. क्लच नाहीसा झाल्यामुळे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हातात आणणे कितीतरी सोपे झाले. ब्रिटनमध्ये १९४८ पासून ‘इन्व्हाकार’ ही तीनचाकी गाडी देण्यात येऊ लागली, परंतु तिच्यात एकच आसन होते. म्हणजे पती, पत्नी किंवा मूल यांच्याबरोबर प्रवास करण्याची सोय तिच्यात नव्हती. अपंग व्यक्तीला वाहन हवे ते केवळ कामावर जाण्यासाठी, कुटुंबासह फिरण्यासाठी नव्हे, अशी समजूत त्या रचनेत दिसते आणि ती मला या इतिहासातली फार बोचणारी गोष्ट वाटते. १९७७ मध्ये तिथे अपंगांसाठीची मोटॅबिलिटी योजना आल्यानंतर नेहमीच्या मोटारी भाड्याने घेण्याचा मार्ग खुला झाला.

या तिन्ही वाटा जिथे एकत्र आल्या, तिथे राल्फ ब्राउन यांचे नाव येते. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या विनामॅक गावच्या ब्राउन यांना लहानपणीच स्नायूंच्या विकाराचे निदान झाले होते. त्यांनी आधी स्वतःसाठी बॅटरीवर चालणारी तीनचाकी स्कूटर बनवली आणि मग टपाल खात्याच्या जुन्या जीपमध्ये हातांची नियंत्रणे व मागे लिफ्ट बसवली. १९७० मध्ये मोठ्या आकाराची डॉज व्हॅन बाजारात येताच त्यांनी लिफ्ट तिच्यावर नेली, आणि १९७२ मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी सुरू केली. त्याच काळात याच प्रकारच्या व्हॅन कॅम्पर बनवणाऱ्यांच्याही हातात होत्या. त्यामुळे झोपायची, स्वयंपाकाची आणि लिफ्टची सोय एकाच गाडीत करणे पहिल्यांदाच आवाक्यात आले. अर्थात लिफ्टने वर नेले तरी आत शिरताना खुर्चीतल्या माणसाचे डोके दाराच्या चौकटीला लागे, म्हणून छप्पर आणि दार दोन्ही उंच करावे लागे. तळ होता तिथेच राहिल्याचा हा परिणाम होता.

तळ खाली आणता येतो, हे दाखवून दिले ते अपंगांसाठी न बनवलेल्या एका गाडीने. १९७३ ते १९७८ या काळात जनरल मोटर्सने बनवलेल्या जीएमसी मोटरहोमची पुढची चाके इंजिनाने फिरत. मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा लांब शाफ्ट तिच्या पोटाखालून जात नव्हता, आणि मागे दोन्ही बाजूंना आडव्या आसाऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेली स्वतंत्र चाके होती. त्यामुळे तिचा तळ रस्त्यापासून साधारण १४ इंचांवर राहिला. युरोपात १९८१ मध्ये आलेल्या फियाट डुकाटोसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या व्हॅन आणि त्यांच्या मागे जोडण्यासाठी आल्को कंपनीने बनवलेली सखल चौकट यांनी तोच विचार पुढे नेला. ब्राउन यांच्या कंपनीने १९९१ मध्ये तळ खाली उतरवलेली मिनीव्हॅन बाजारात आणली, तेव्हा लिफ्टची जागा साध्या रॅम्पने घेतली. रॅम्प बिघडला तरी तो हातांनी ओढता येतो, ही बाब मुक्कामापासून दूर असताना फार मोलाची ठरते.

मिनीव्हॅनला साधले ते मोटरहोमला पूर्णपणे साधत नाही, कारण मोटरहोम हे घर आहे आणि घराला सांडपाणी असते. शॉवरचे पाणी उताराने टाकीत जावे म्हणून टाकी तळाखाली बसवतात. तळ खाली आणला तर टाकीला जागा उरत नाही, आणि टाकी ठेवून तळाला उतार द्यायचा तर शॉवरच्या जागी उंचवटा येतो. मागच्या चाकांची कमान बऱ्याचदा नेमकी तिथेच असते. म्हणून दार रुंद झाले, पलंग खालीवर होऊ लागला, स्वयंपाकाच्या ओट्याखाली गुडघ्यांना जागा मिळाली, तरी उंबरठा नसलेले न्हाणीघर सर्वांत शेवटी आले. आजही ज्या बदलांना खर्च जास्त येतो त्यांत हाच बदल अग्रक्रमाने असतो. पंप लावून सांडपाणी वर खेचणे, किंवा शौचकूप आणि शॉवर मिळून एकच ओली खोली करणे, हे त्यावरचे नेहमीचे उपाय आहेत.

दुसरी अडचण रुंदीची. व्हीलचेअर पूर्ण वळवण्यासाठी सुमारे दीड मीटर व्यासाचे वर्तुळ लागते. युरोपात वाहनाची रुंदी २.५५ मीटरपर्यंत मर्यादित आहे, अमेरिकेत १०२ इंचांपर्यंत. त्यातून भिंती, कपाटे आणि पलंग वजा केले की हे वर्तुळ जेमतेम मावते. न्यूमार कंपनीने १९९० मध्ये भिंतीचा भाग बाहेर सरकणारी रचना मोटरहोममध्ये आणली, तेव्हा मुक्कामी जागा एकदम वाढली. पण भिंत आत घेतल्यावर रस्त्यात थांबून शौचालयापर्यंत पोहोचता येते का, हे तपासल्याशिवाय अशी गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

धावत्या गाडीत खुर्चीवरच बसून राहायचे असेल, तर खुर्ची हेच आसन ठरते. त्यासाठी चार पट्ट्यांनी खुर्ची जखडण्याचे आणि खुर्चीच्या मजबुतीचे आंतरराष्ट्रीय निकष २००१ मध्ये आले, आणि त्यांत ताशी ४८ किलोमीटर वेगाच्या धडकेची चाचणी ठरवली गेली. जखडण्याचे हूक तळात घट्ट बसवावे लागतात, म्हणजे इथेही तळच पुढे येतो. वजनाचा हिशेब त्याहून जुना आहे. रस्ते वाहतुकीविषयीच्या १९६८ च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना करारात सामान्य मोटारीच्या परवान्याची मर्यादा ३,५०० किलो ठरली. लिफ्ट, विजेची खुर्ची, जादा बॅटरी आणि पाणी यांची बेरीज केली की युरोपातील अनेक मोटरहोम ती मर्यादा गाठतात. मग लिफ्ट आणि पाण्याची मोठी टाकी यांतून निवड करावी लागते.

कायद्याने या प्रश्नाला बाजूनेच स्पर्श केला. अमेरिकेतील अपंगत्वविषयक कायदा १९९० चा आहे. त्यामुळे बस आणि सार्वजनिक जागा बदलल्या, परंतु खासगी मोटरहोमच्या आतल्या रचनेला तो लागू होत नाही. म्हणून हे काम दीर्घकाळ मागणीनुसार एकेक गाडी बदलणाऱ्या कारागिरांच्या हाती राहिले. २०१९ मध्ये विनेबागोने व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी तीन मोटरहोम एकदम जाहीर केली, तेव्हा अशी रचना नेहमीच्या विक्रीच्या यादीत ठळकपणे आली.

आता विजेवर चालणाऱ्या व्हॅन येत आहेत, आणि त्यांच्या बॅटऱ्या तळाखाली सपाट मांडलेल्या असतात. शाफ्ट गेल्यामुळे १९७३ मध्ये जी जागा मोकळी झाली होती, ती आता बॅटरीने पुन्हा भरली आहे. त्या जागी तळ कापून खाली उतरवता येत नाही, म्हणून बदल करणाऱ्यांना पुन्हा लिफ्ट, उंच दार आणि उंच छप्पर यांच्याकडे वळावे लागते.